बोचकीवाली इंदूवयनी

इंदूवयनीला कुणी कपडा दिला की ती आधी तो नाकाला लावायची. मग उजेडाकडे धरून बघायची. मग काखेत, कॉलरच्या आत, काठाकाठाने बोट फिरवायची. हे सगळं देणाऱ्याच्या तोंडासमोर. देणारा बिचारा ओशाळून उभा असायचा. कपडा पसंत पडला तर ती त्याची घडी घालून ठेवायची, नाही पडला तर तसाच परत हातात द्यायची.

"घरी फरशी पुसूक ठेव," ती सांगायची. "माणसा घर सोडून इली हत, भीक मागूक नाय."

ती माझी शेजारीण. वासूदादाची बायको म्हणून आमची वयनी, आणि पुढे अख्ख्या गावाचीच. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. अंगाने किरकोळ, चालणं ताडताड, आणि आवाज असा की परड्यात उभी राहून तिने हाक मारली तर पाणंदीच्या टोकाला गेलेला माणूसही थबकायचा. तिचं कौतुक करावं म्हणून मी हे लिहीत नाही. कौतुक तिला आवडायचंही नाही. माझ्या हातून तिचं जे नुकसान झालं ते कुठेतरी सांगून टाकायला हवं, म्हणून लिहितोय.

लग्नानंतर वासूदादा तिला कुवेतला घेऊन गेला होता. तो तिथे वेल्डर आणि ही एका हॉस्पिटलात कपडे धुण्याच्या खात्यात. कपड्याला नाक लावायची खोड तिथली. नव्वद साली तिकडे लढाई आली. वासूदादाला कंपनीने थांबवून घेतलं आणि ही बाकीच्या बायकांबरोबर बसने जॉर्डनच्या वाळवंटात येऊन पडली. तिथे तंबूंची छावणी होती. घर सोडताना तिने पासपोर्ट घेतला, दोन साड्या घेतल्या, लग्नातला फोटो घेतला. फणी घ्यायचं काही सुचलं नाही.

"केसात रेती, रेतीत घाम," ती सांगायची. "आठव्या दिसाक माका माझोच वास सहन होयना. भूक चलता रे नंदू. पण आपलोच वास येवक लागलो की माणूस आतसून मोडता."

तंबूत तिच्या शेजारी आमना नावाची एक सुदानी बाई होती. हिला तिची भाषा येत नव्हती, तिला हिची. एका दुपारी आमना हिच्या मागे येऊन बसली, आपल्या लाकडी फणीने तिने हिचे केस विंचरले, सगळी रेती झाडली, आणि मग संध्याकाळपर्यंत बसून डोकंभर बारीक बारीक घट्ट वेण्या घातल्या. वयनीची बस आधी निघाली तेव्हा ती फणी आमनाने हिच्या हातात कोंबली आणि औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आपला पत्ता अरबीत लिहून दिला.

वयनी त्या वेण्यांसकट गावात उतरली. मी तेव्हा सातवी-आठवीत होतो. एसटीतून उतरलेली ती बाई बघून आमची आई म्हणाली, "अगो बाय माझे, हिका झाला तरी काय?" तिच्या सासूने तर घरात घेण्याआधी वेण्या सोडायला सांगितल्या. वयनीने महिनाभर सोडल्या नाहीत. पोरं हसायची, बायका तोंडाला पदर लावायच्या. ही आपली तशीच विहिरीवर, तशीच बाजारात. "ह्यो सोडलंय तर आमना हातातसून गेली," एवढंच तिचं म्हणणं. पुढे सुटल्याच त्या. फणी मात्र राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीत ती कायमची असायची आणि वयनी रोज सकाळी तिथेच उभी राहून केस विंचरायची. पत्त्याचा पुठ्ठा गणपतीच्या तसबिरीमागे गेला. ती न कळणारी अक्षरं जशीच्या तशी उतरवून तिने दोन पत्रं टाकली होती, उत्तर आलं नाही.

लढाई संपल्यावर परत आलेला वासूदादा वारून आता बारा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. वयनी एकटी राहायची, नारळ-सुपारीचं बघायची आणि आमच्या हायस्कूलच्या मुलींना शिवण शिकवायची. मी त्याच हायस्कुलात क्लार्क. मग सुदानात लढाई पेटली. टीव्हीवर जळलेली घरं आणि रस्त्याने चालणारी माणसं दाखवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वयनी तो पुठ्ठा घेऊन आमच्या ओसरीवर. माझ्या मुलीने मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरला आणि मोबाइलने अक्षर लावून सांगितलं, ओमदुरमान. आदल्या दिवशी बातम्यांत आलेलं तेच नाव.

वयनी खाली बसली. चहा दिला तोही घेतला नाही. मग म्हणाली, "पोरांबाळांका घेवन ती आता खंयच्या तंबूत असतली?"

इथून बोचकी सुरू झाली. मुंबईची एक संस्था तिकडच्या विस्थापितांसाठी सामान पाठवते असं मी शोधून काढलं. त्यांना फक्त नवीन आणि बांधलेलं सामान हवं होतं. वयनीने साठ बोचकी ठरवली. एका घराला एक. नवीन चादर पसरायची आणि त्यात दोन टॉवेल, साबण, आतले कपडे, लहान मुलांचे कपडे, बायकांच्या अडचणीच्या दिवसांचं सामान, सुई-दोरा, पिना आणि एक फणी. चादरीची गाठ कशी मारायची हे तिने शिवणाच्या मुलींना आठवडाभर शिकवलं. "गाठ एका हातान सुटाक व्हयी. दुसऱ्या हातार पोर असता." एका हाताने सुटली नाही तर पुन्हा बांधायला लावायची.

ती दारोदार फिरली. लोकांनी टोमणे मारले नाहीत असं नाही. "वयनी, सुदान खंय आसा तरी तुका म्हायत आसा काय?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "जंय माझी आमना आसा थंय." आपल्या गावात गरीब नाहीत काय, असं बाजारात एकाने ऐकवलं. ती म्हणाली, "आसत. तू तेंका काय दिलंस ता सांग, मगे मी सुदानाचा नाव घेवचंय नाय." तो पुढच्या दुकानात शिरला. एका बड्या घरच्या बाईने पदर विरलेल्या चार रेशमी साड्या मोठ्या थाटात आणून दिल्या. त्या वयनीने नाकाला लावल्या आणि चार माणसांत परत केल्या. ते घर तेव्हापासून तिच्याशी बोलेनासं झालं. त्याच दिवशी मासे विकणाऱ्या रुक्मिणीने एक नवा टॉवेल दिला. तो वयनीने दोन्ही हातांनी घेतला. फण्या आमच्या शाळेतल्या पोरांनी आणल्या, पिवळ्या, निळ्या, लाल. तिने प्रत्येकीचे दात नखाने वाजवून बघितले.

अशा बाईशी बोलताना आपण नेहमी थोडे कमी पडतो असं वाटायचं. मला तर फारच वाटायचं. म्हणून एकदा तरी तिला काही शहाणपणाचं सांगावं अशी माझी हौस होती आणि ती नको तिथे भागली.

आमच्या गावात गावपळण असते. दर तीन-चार वर्षांनी देवाचा हुकूम झाला की अख्खं गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं. तीन दिवस, तीन रात्री गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. बाहेर माळावर नारळाच्या झापांच्या झोपड्या उभ्या राहतात, भजनं होतात, फुगड्या होतात, मुंबईहून माणसं मुद्दाम येतात. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी वेशीवरच्या देवळात कौल मागतात. उजवा कौल मिळाला की ढोल वाजवत सगळे घरी.

वयनी पळणीत कधी रमली नाही, पण तिच्याइतकी पाळणारीही दुसरी नव्हती. एका पळणीत माझ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिल्या. मी गपचूप जाऊन आणतो म्हटलं तर वयनीने मला मनगटाला धरून थांबवलं, आणि स्वतः उन्हातून पलीकडच्या गावातल्या औषधाच्या दुकानापर्यंत चालत जाऊन आली. आल्यावर संध्याकाळी झोपडी-झोपडीतून विचारत फिरली, "फणी हाडलास?" निम्म्यांनी आणली नव्हती. आम्ही हसलो. ती हसली नाही. "तीन दिसांनी घराक जावचा म्हायत असला मां, की झोपडी बरीच वाटता," म्हणाली.

त्या वर्षी बोचकी बांधून तयार झाली आणि गावपळण लागली. मुंबईला जाणारा ट्रक नेमका चौथ्या दिवशी दुपारी येणार होता. वयनीचं म्हणणं, बोचकी आधीच बाहेर काढून शेजारच्या गावच्या शाळेत ठेवूया. मी म्हटलं, कशाला? तिथे परवानगी मागा, धूळ, उंदीर. झोपडीत ठेवली तर दंवाने भिजतील. चौथ्या दिवशी नऊला कौल, दोनला ट्रक. घरातून थेट ट्रकात.

"आणि कौल नाय गावलो तर?"

"आजपर्यंत कधी झालाहा असा?"

तिने बोचक्यांवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "बरां. तू म्हणतंस तर." उभ्या जन्मात तिने माझं ऐकलेलं ते एवढंच.

चौथ्या दिवशी कौल डावा आला. पुन्हा मागितला, पुन्हा डावा. गुंडाळलेल्या वळकट्या माणसांनी परत सोडल्या. मानकरी भाऊकाका देवळातून बाहेर आले आणि उद्या पुन्हा विचारू, एवढंच बोलले. दोन वाजता ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, "उद्या सकाळी कंटेनर बंद होतो. सहापर्यंत थांबतो, त्यापुढे मला जमणार नाही." मी मुंबईला फोन केले. पुढचा कंटेनर कधी, तेही नक्की सांगत नव्हते.

वयनी भाऊकाकांपुढे जाऊन उभी राहिली. ते नात्याने तिचे थोरले दीर. वाईट माणूस नव्हे. त्यांनी हातच जोडले. "इंदू, माझ्या हातात काय आसा सांग? देवान नाय म्हटल्यान."

मग वयनी देवळासमोर गेली, चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि गाऱ्हाणं घालायला लागली. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्याकडे पुरुषांचा. एकाने देवाला साकडं घालायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी दर वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायचं, ही रीत. तिचा तो आवाज माळभर गेला.

"बा देवा महाराजा! आज तुझी सगळी लेकरां घरदार सोडून तुझ्या वेशीर बसली हत!"

"व्हय महाराजा" कुणी म्हटलं नाही.

"तशीच आणखी लेकरां सात समुद्रापलीकडे बसली हत! तेंका परत फिरूचो कौल देवक कोण नाय! तेंच्यासाठी बांधलेला तुझ्या गावात अडाकला हा. ता हाडूक मी जातंय महाराजा! काय चूक झाली तर माझ्या एकटीच्या पदरात घाल. गावार राग धरू नको!"

एवढी माणसं होती. लहानपणापासून प्रत्येकाच्या तोंडात बसलेले ते दोन शब्द. माझ्याही गळ्यापर्यंत आले होते. बायकोने माझा दंड धरला होता, पण खरं सांगायचं तर तिने धरला नसता तरी मी गप्पच राहिलो असतो. मला भीती वाटली. देवाची वाटली की भाऊकाकांची, ते आजही नक्की सांगता येत नाही.

ती थोडा वेळ थांबली. वाट बघत असावी. मग अनवाणीच वेस ओलांडून आत गेली.

वेशीपासून तिचं घर दहा मिनिटांवर. पहिल्यांदा ती आली तेव्हा डोक्यावर एक आणि काखेत एक अशी दोन बोचकी होती. ती वेशीवर ठेवली आणि परत फिरली. वेशीच्या आतून आलेल्या त्या बोचक्यांना कुणी हात लावेना. ड्रायव्हरच खाली उतरला. तिसऱ्या खेपेपासून मी वेशीच्या अलीकडे उभा राहून बोचकी ट्रकात टाकायला लागलो. मी केलं ते एवढंच. नंतर नंतर ती तीन तीन आणू लागली. तिचा चेहरा लाल झाला होता, पायातून रक्त येत होतं. एकदा मी पाणी पुढे केलं तर तिने हातानेच नको म्हटलं. सव्वासहापर्यंत बावीस बोचकी झाली. ड्रायव्हरने आणखी अर्धा तास वाट बघितली असती, पण शेवटच्या खेपेला वयनी वेशीवरच बसली आणि तिला उठता येईना. ट्रक गेला.

पाचव्या दिवशी उजवा कौल मिळाला. ढोल वाजले. गाव परतलं. वयनी आपल्या झोपडीतून हलली नाही.

पळण मोडणाऱ्याने देवाची माफी मागितल्याशिवाय गावात यायचं नाही, अशी रीत. संध्याकाळी मी आणि भाऊकाका तिला आणायला गेलो. भाऊकाका स्वतःहून म्हणाले, "नारळ ठेव, चुकलंय म्हण, आणि चल घराक. कोण काय बोलाचो नाय."

ती चुलीपुढे बसली होती. पायांना हळद लावलेली. म्हणाली, "माफी मागूची तर चुकलंय म्हणूक व्हया. मी चुकूक नाय, भाऊ. आणि देव चुकलो असा म्हणूक माझी जीभ वळणा नाय. मगे काय करू? ऱ्हवतंय हंयच."

परतताना वाटेत भाऊकाकांनी डोळे पुसले. मला राग आला होता, तिचाही आणि त्यांचाही. सर्वांत जास्त माझा.

आठ दिवस ती त्या माळावर एकटी राहिली. बायका जेवण नेऊन द्यायच्या, बसायच्या, परत यायच्या. घालून पाडून कुणी बोललं नाही. पण चला घरी, असं हात धरून म्हणणारंही कुणी निघालं नाही. शेवटी वेंगुर्ल्याहून तिच्या बहिणीचा निरोप आला, आणि वयनीने मला घरातून तिचं सामान बांधून आणायला सांगितलं.

मी तिच्या रीतीनेच बांधलं. आणि तेही साड्या सोडून सगळं नवीन. बाजारात जाऊन चादर आणली, टॉवेल आणले, साबण, पिना, फणी. तिच्या चार साड्या नाकाला लावून बघितल्या. एका हाताने सुटेल अशी गाठ मारली, दोनदा सोडून बघितली. आपण यावेळी तरी कमी पडायचं नाही, असं मनात होतं.

एसटी वेशीबाहेरच थांबते. तिने तिथल्या कट्ट्यावर बोचकं ठेवलं आणि एका हाताने गाठ सोडली. टॉवेल नाकाला लावला. मान हलवली. मग फणी हातात घेतली.

"ही खंयची?"

"नवी हाडलंय. दुकानातसून."

"माझी खिडकीत होती मां रे?"

"ती जुनी गो वयनी. तीन दात नाय तिका. तूच म्हणतंस, जुना कोणाक देव नये."

ती नव्या फणीचे दात नखाने वाजवत बसली. मग म्हणाली, "व्हय. मीच म्हणतंय." आणि जरा वेळाने, "आमनान माका दिल्यान ती जुनीच होती."

मी म्हटलं, धावत जातो, वीस मिनिटांत आणतो, पुढच्या गाडीने जा. तेवढ्यात गाडी आलीच. "ऱ्हवांदे," ती म्हणाली. "आसांदे थंयच." उघडं बोचकं तसंच छातीशी धरून ती चढली. गाडी वळणावर गेली तेव्हा मागच्या खिडकीतून मला तिची पाठ दिसली. खाली मान घालून ती गाठ मारत होती.

बावीस बोचकी तिकडच्या बंदराला उतरली, एवढं मुंबईहून कळलं. पुढचा रस्ता बंद आहे म्हणतात. दर रविवारी वयनीचा फोन येतो. "पोचली काय रे?" मी म्हणतो, "अजून नाय." ती बरं म्हणते आणि ठेवते. अडतीस बोचकी तिच्या माजघरात आहेत. किल्ली माझ्याकडे असते. महिन्यातून एकदा मी ती उन्हात घालतो आणि नाकाला लावून बघतो.

फणी खिडकीतच आहे. तिच्यात वयनीचे दोन-चार पांढरे केस अडकलेले आहेत. वेंगुर्ला काही लांब नाही, मनात आणलं तर मी उद्या सकाळी नेऊन देईन. बायकोही तेच म्हणते. पण मी नेत नाही. घरासाठी ती परत यायची नाही, तेवढं मी तिला ओळखतो. फणीसाठी कदाचित येईल.